कुंभेरच्या वेढ्यातील तरुण सरदार : खंडेराव होळकर

इंदूरच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर देपालपूर हे तालुक्याचे गाव आहे. सभोवार माळव्याची काळीभोर जमीन आणि गावाला लागून मोठा तलाव. परमार राजा देवपाल याच्या नावावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. इंदूर शहर आमच्या वाचकांना परके नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम तेथे १८७७ साली सुरू झाले, आणि तेथील ख्रिश्चन कॉलेजचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असेल. देपालपूरचे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही. तरी होळकर घराण्याच्या इतिहासात या गावाला एक हळवे स्थान आहे. सुभेदार मल्हारराव होळकरांचा नातू मालेराव १७४५ साली येथेच जन्मला, असे त्या घराण्याची चरित्रे सांगतात. मालेरावाची आई अहिल्याबाई. तिचे नाव घेताच आजही माणसे हात जोडतात. मालेरावाचे वडील खंडेराव. त्यांचे नाव बहुतेकांना एवढ्याचपुरते माहीत असते, की ते अहिल्याबाईंचे पती होते आणि तरुणपणीच लढाईत पडले.

या महिन्यात आम्ही त्या तरुणाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. खंडेराव फार मोठे पुरुष होते असे आम्ही म्हणणार नाही. इतिहासही तसे म्हणत नाही. पण लढाईत तरुण मुलगा गेला म्हणजे मागे राहिलेल्यांनी त्याच्या नावाने काय करावे, हा प्रश्न प्रत्येक काळात आणि प्रत्येक गावात उभा राहतो. खंडेरावांच्या मरणानंतर त्या एकाच प्रश्नाची चार निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती समजून घेण्यासारखी आहेत.

मल्हारराव होळकर हे मूळचे जेजुरीजवळच्या होळ गावचे. घराणे धनगराचे. वडील लहानपणीच वारल्यामुळे ते खानदेशात तळोद्यास मामा भोजराज बारगळ यांच्या आश्रयाने वाढले. तेथून स्वारीत शिरले आणि स्वतःच्या कर्तबगारीने थोरल्या बाजीरावांचे मोठे सरदार झाले. मामाची मुलगी गौतमाबाई ही त्यांची पत्नी. या दोघांना १७२३ साली मुलगा झाला, तो खंडेराव. मल्हाररावांना हा एकुलता एक मुलगा. मेंढपाळाच्या घरातून उठून माळव्याचा सुभेदार झालेल्या बापाच्या साऱ्या आशा या एका मुलावर होत्या, हे सांगावयास नको.

१७३३ साली खंडेरावांचे लग्न झाले. नवरा दहा वर्षांचा आणि नवरी आठ वर्षांची. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, चौंडी गावच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही मुलगी. स्वारीच्या वाटेवर मल्हाररावांचा मुक्काम चौंडीस पडला असता देवळात ही मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली आणि तिचे वागणे पाहून त्यांनी तिला सून करून घेतले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. पुढच्याच वर्षी, १७३४ साली, पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावाने खासगीची जहागीर दिली. फौजेचा खर्च दौलतीच्या वसुलातून चालावा आणि घराण्यातील स्त्रीच्या हाती तिचे स्वतःचे उत्पन्न असावे, अशी ही व्यवस्था होती. त्या खासगीच्या गावांत महेश्वर, सांवेर, हातोद यांच्याबरोबर देपालपूरचेही नाव येते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

खंडेरावांचे बालपण कसे गेले याविषयी सांगताना चरित्रकारांचा सूर साधारण सारखाच आहे. एकुलता एक, त्यातून वैभवात वाढलेला. मुलगा हट्टी निघाला, कारभारात त्याचे मन रमेना, आणि पुढे तो व्यसनाकडे झुकला. बाप बहुतेक वर्षभर स्वारीवर असे. घरी गौतमाबाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी सुनेला हिशेब, पत्रव्यवहार आणि कारभार यांची सवय लावली. मुलगा हाती येत नाही, तर सून तरी तयार असावी, असा त्यांचा विचार असावा. खंडेरावांना सुधारण्याची खटपट सासू आणि सून दोघींनी केली, असे सांगतात. तिचे थोडेफार फळही आले. देपालपूरला मालेराव जन्मला तेव्हा खंडेराव बावीस वर्षांचे होते. १७४८ साली मुक्ताबाई ही मुलगी झाली. याच सुमारास ते बापाच्या बरोबरीने स्वाऱ्यांत दिसू लागतात.

त्यांची पहिली मोठी कामगिरी राजपुतान्यातली. जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंग व माधोसिंग या भावांत तंटा लागला होता. मल्हाररावांनी माधोसिंगाची बाजू घेतली आणि सुमारे हजार स्वार देऊन खंडेरावांना पाठविले. १७४७ साली राजमहाल येथे लढाई झाली. तीत माधोसिंगाच्या पक्षाचा पराभव झाला. चोवीस वर्षांच्या सरदाराला पहिला मोठा अनुभव मिळाला तो हाराचा. पण त्याने स्वारी सोडली नाही. १७५३ साली रघुनाथराव पेशवे व मल्हारराव उत्तरेच्या स्वारीवर निघाले, तेव्हा खंडेराव फौजेची एक तुकडी घेऊन पुढे दिल्लीस गेले. बादशहा अहमदशहाच्या दरबारात त्या वेळी मोठी बेबंदशाही माजली होती. मीरबक्षी इमाद-उल-मुल्क आणि वजिरीवरून दूर झालेला सफदरजंग यांच्यात लढाई जुंपलेली होती. मराठे इमादच्या बाजूला उभे राहिले. भरतपूरच्या जाटांचा राजा सूरजमल याने सफदरजंगाला साहाय्य केले होते. म्हणून मराठी फौजेचा मोर्चा जाटांच्या मुलखाकडे वळला.

खरे कारण पैशाचे होते हे लपविण्यात अर्थ नाही. मराठ्यांनी मोठी खंडणी मागितली. सूरजमलाने चाळीस लाख देऊ केले. मराठ्यांना ते थोडे वाटले. तेव्हा सूरजमल कुंभेरच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि जानेवारी १७५४ मध्ये मराठ्यांनी किल्ल्याला वेढा घातला. किल्ला भक्कम, आत धान्य व दारूगोळा भरपूर. उलट मराठ्यांजवळ तट फोडण्याजोग्या मोठ्या तोफा नव्हत्या. दिल्लीच्या बादशहाकडे त्या मागितल्या, पण बादशहाने दिल्या नाहीत. वेढा रेंगाळला. मोर्चे खणत हळूहळू तटाकडे सरकावयाचे, एवढेच काम उरले.

मार्च महिन्यातली गोष्ट. खंडेराव पालखीत बसून मोर्च्यांची पाहणी करीत होते. किल्ल्यावरून गोळा आला आणि त्यांचे प्राण गेले. समोरासमोर तलवारीचा सामना झाला नाही, की शेवटचा पराक्रम गाजविण्याची संधी मिळाली नाही. युद्धात पुष्कळसे तरुण असेच जातात, तेव्हाही आणि आजही. खंडेरावांचे वय तीस-एकतीस वर्षांचे. मालेराव नऊ वर्षांचा, मुक्ताबाई सहा वर्षांची, आणि अहिल्याबाईंना अजून एकोणतिसावे पुरे व्हावयाचे होते.

येथे खंडेरावांचे आयुष्य संपले. यापुढची हकीकत त्यांच्या आठवणीची आहे, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्राचा तोच महत्त्वाचा भाग आहे.

आठवण ठेवण्याची पहिली रीत सूडाची. म्हाताऱ्या मल्हाररावांवर आकाश कोसळले. शोकाच्या भरात त्यांनी प्रतिज्ञा केली, की सूरजमलाचे मस्तक उडवीन आणि कुंभेरची माती खणून यमुनेत टाकीन, नाहीतर प्राण देईन. बापाच्या दुःखाला आपण नावे ठेवू शकत नाही. पण त्या प्रतिज्ञेचे झाले काय? किल्ल्यात सूरजमलाची राणी आणि त्याचे मुत्सद्दी स्वस्थ बसले नव्हते. शिंदे आणि होळकर यांच्यात मनापासून मेळ नाही हे त्यांनी हेरले. सूरजमलाची पगडी गुप्तपणे जयाप्पा शिंद्यांकडे पोचली. जयाप्पांनी आपली पगडी उलट पाठवून त्याला भाऊ मानले. मग सलोख्याची बोलणी सुरू झाली. वेढा चार महिने चालला आणि मे १७५४ मध्ये उठला. तीस लाख रुपये हप्त्याहप्त्याने देण्याचे सूरजमलाने कबूल केले. म्हणजे आरंभी देऊ केलेल्या रकमेपेक्षाही कमी. कुंभेरचा तट जागचा हलला नाही. शिंदे-होळकरांमधील तेढ मात्र अधिक वाढली आणि मराठी राज्याला पुढे ती महागात पडली. एका मुलाच्या बदल्यात बापाने सारा किल्ला मागितला आणि त्याच्या हाती काही आले नाही. सूडाची रीत बहुधा अशीच निष्फळ ठरते.

दुसरी रीत अग्नीची. त्या काळच्या रूढीप्रमाणे खंडेरावांच्या इतर स्त्रिया त्यांच्या चितेवर सती गेल्या. खंडेरावांचे चरित्र सांगताना या स्त्रियांचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. आम्हांला तसे करवत नाही. तोफेचा गोळा एका माणसावर पडला, परंतु त्या दिवशी त्या छावणीत मरणाने किती घास घेतले याचा विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो. त्यांपैकी कोणाची आई कोठे वाट पाहत असेल. शिपायाच्या स्मरणाबरोबर त्यांचेही स्मरण व्हावयास हवे.

अहिल्याबाईही सती जाण्यास निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना अडविले. आपला मुलगा गेला आहे, आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर या म्हातारपणी दौलतीचा भार मी कोणाच्या जिवावर वाहू, अशा अर्थाची त्यांची विनवणी होती. मल्हाररावांनी सुधारणेचे व्याख्यान दिले नाही. त्यांच्या इतर सुना गेल्याच होत्या. त्यांना ही एक हवी होती, कारण तिचे गुण त्यांनी वीस वर्षे पाहिले होते. तरीही भर छावणीत, हजारो माणसांच्या देखत, अंगावर तोच पांढरा शोक असताना, सासऱ्याने पदर पसरून सुनेला जगण्याची भीक मागावी, ही लहान गोष्ट नाही. आणि लोकनिंदा पत्करून सुनेने ती भीक घालावी, हीही लहान गोष्ट नाही. पवित्र शास्त्रात रूथ व नामी यांची गोष्ट आपण वाचतो. तेथेही मरण पावलेल्या तरुण मुलाच्या नावाने सासू आणि सून एकमेकींना धरून राहतात आणि त्यातूनच पुढचा वंश उभा राहतो.

तिसरी रीत दगडाची, आणि या ठिकाणी शत्रूचे नाव आदराने घ्यावे लागते. खंडेराव पडल्याचे कळताच सूरजमलाने मल्हारराव व लहानग्या मालेरावाकडे दुखवट्याची वस्त्रे पाठविली. त्या वेळी त्याच्या किल्ल्याभोवती मराठ्यांचा वेढा तसाच होता आणि त्याचे मस्तक मागणारी प्रतिज्ञा झालेली होती. तरीही मेलेल्या तरुणाचा मान त्याने राखला. कुंभेरजवळ गांगरसोली येथे खंडेरावांची छत्री आहे. ती सूरजमलानेच बांधली असे त्या भागात सांगतात. आपला वैरी शौल मारला गेला तेव्हा दावीदाने आनंद केला नाही, वस्त्रे फाडून शोक केला, हे आमच्या वाचकांना आठवेल. सूरजमलाने दुखवट्याची वस्त्रे पाठविली तेव्हा त्याच्या मनात राजकारण अगदी नव्हतेच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्याची पुढची वागणूक पाहावी. सात वर्षांनी, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. उपाशी, उघडी, जखमी माणसे थंडीत दक्षिणेची वाट धरून पळत होती. तेव्हा याच सूरजमलाने आपल्या मुलखात त्यांना आसरा दिला. अन्न दिले, वस्त्र दिले, जखमांवर औषध दिले. कुंभेरचा वेढा घालणाऱ्यांचेच हे भाईबंद होते. छत्रीच्या दगडापेक्षा त्या थंडीत मिळालेली भाकरी आम्हांला मोठी वाटते.

दगडाच्या स्मारकाला आम्ही कमी लेखीत नाही. महू, खडकी, अहिल्यानगर अशा छावण्यांच्या जुन्या मंदिरांत भिंतींवर पितळेच्या व संगमरवरी पाट्या असतात. त्यांवर कोवळ्या वयात गेलेल्या शिपायांची नावे कोरलेली असतात. उपासनेला बसलेल्या मुलांनी ती नावे वाचावीत हे बरेच आहे. पण दगड बोलत नाही. त्याच्याकडे बोट दाखवून सांगणारे माणूस लागते. अबशालोमाने आपले नाव चालविणारा मुलगा नाही म्हणून जिवंतपणीच स्वतःसाठी स्तंभ उभारला. लोकांना मात्र तो स्तंभ आठवत नाही, त्याच्यासाठी वेशीवरच्या माडीत रडणारा बाप आठवतो.

आता चौथी रीत. ती कामाची आहे, आणि ती चालविण्यास अहिल्याबाईंना एकेचाळीस वर्षे लागली.

मल्हाररावांनी सुनेला मरू दिले नाही आणि कोपऱ्यात बसूही दिले नाही. ते स्वारीवर असले म्हणजे मागची वसुली, रसद, पत्रव्यवहार अहिल्याबाईंकडे असे. १७६५ साली त्यांनी सुनेला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीकडे जावे, तोफांचे गोळे तयार करवावेत, मुक्कामांची व्यवस्था कशी ठेवावी, अशा सूचना त्यांत आहेत. ज्या बाईचा नवरा तोफेच्या गोळ्याने गेला, तिच्याकडे अकरा वर्षांनी गोळे ओतविण्याचे काम यावे, यातले दुःख वाचकांच्या ध्यानात येईल. पण सासऱ्याचा हेतू स्पष्ट होता. खंडेरावाने जे करावयाचे ते आता हिने करावयाचे होते.

१७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. खंडेरावांचा मुलगा मालेराव गादीवर आला, पण वर्ष भरण्याच्या आतच, १७६७ साली, तोही मरण पावला. नवरा, सासरा, मुलगा तिघेही गेले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला आणि रघुनाथराव फौजेसह चालून आले. अहिल्याबाईंनी लढण्याची तयारी केली, मदतीसाठी सरदारांना पत्रे लिहिली आणि लढाई न करताच तो प्रसंग टाळला. पुढे माधवराव पेशव्यांनी त्यांच्या हाती कारभार राहील अशी व्यवस्था केली. फौज तुकोजी होळकरांकडे आणि दौलतीचा कारभार महेश्वरास अहिल्याबाईंकडे.

त्यांनी काय केले हे मुलांना शाळेतही शिकविले जाते, म्हणून विस्तार करीत नाही. काशी, गया, सोमनाथ येथली देवळे त्यांनी उभारली हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला दुसऱ्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे. पहिली ही, की घाट, विहिरी, धर्मशाळा, रस्ते, पाणपोया यांचा मोठा खर्च त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केला. त्या खासगीत देपालपूरसारखी गावे होती. ज्या गावी खंडेरावांचा मुलगा जन्मला, त्या गावच्या शेतकऱ्याच्या घामाचा पैसा अशा रीतीने दूरदूरच्या वाटसरूच्या पाण्याला लागला. दुसरी ही, की निपुत्रिक माणूस मेला म्हणजे त्याच्या विधवेची मालमत्ता सरकारात ओढण्याची जी चाल होती, ती त्यांनी आपल्या राज्यात चालू दिली नाही. विधवेने दत्तक घ्यावा, आपला पैसा आपल्या मर्जीने वापरावा. कारभाऱ्यांनी मोठ्या नजराण्याचे आमिष दाखविले तरी त्यांनी मानले नाही. विधवेच्या दारात शिपाई उभा राहिला म्हणजे काय वाटते, हे त्या जाणत होत्या. खंडेरावांच्या मरणाचा चटका त्यांच्या कायद्यात उतरला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तरीही या बाईला एक हार पत्करावी लागली, आणि ती सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. मुक्ताबाईचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. तिचा मुलगा वारला आणि १७९१ साली नवराही वारला. मुक्ताबाई सती जावयास निघाली. अहिल्याबाईंनी परोपरीने विनविले. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जे शब्द त्यांच्यापुढे ठेवले, तसेच त्यांनी मुलीपुढे ठेवले असतील. मुलीने ऐकले नाही. आईचे वय झाले आहे, ती गेल्यावर आपल्याला कोण, असे तिचे म्हणणे होते. सर जॉन माल्कम यांनी १८१८ नंतर माळव्यातील लोकांकडून या हकीकती गोळा केल्या आणि १८२३ मध्ये आपल्या ग्रंथात छापल्या. त्यात ते सांगतात, की अहिल्याबाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांनी आपले हात चावून घेतले, आणि पुढे तीन दिवस अन्न घेतले नाही. साऱ्या माळव्यावर जिची आज्ञा चाले, तिची आज्ञा या एका ठिकाणी चालली नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

एकाच घरात एक सून वाचली आणि एक मुलगी गेली. एकीला थांबविणाऱ्याजवळ तिला देण्यासाठी काम होते. दुसरीला आपल्यापुढे काहीच उरले नाही असे वाटले. पुढे १८२९ च्या डिसेंबरात लॉर्ड बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला. तो मजकूर बंगालीत उतरविण्याचे काम सेरामपूरच्या विल्यम कॅरी यांच्याकडे आले. मराठीचे छापील व्याकरण १८०५ मध्ये तयार करणारे ते हेच कॅरी. तो रविवार होता. एक दिवस उशीर झाला तर आणखी कोणाचा प्राण जाईल, म्हणून त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले आणि दिवसभर बसून भाषांतर पुरे केले. कायद्याने चिता बंद केली, ही मोठीच गोष्ट झाली. पण चितेवरून मागे वळलेल्या बाईच्या हाती काय द्यावयाचे, हे कायदा सांगू शकत नाही. ते मल्हाररावांसारख्या घरच्या माणसाने आणि शेजाऱ्यांनीच ठरवावे लागते.

आजही सीमेवरून तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते. गाव लोटतो, बंदुकांची सलामी होते, भाषणे होतात. चौकाला नाव दिले जाते. वर्षश्राद्धाच्या दिवशी हारही घातला जातो. हे सारे योग्यच आहे. पण तेराव्या महिन्यात त्या घरी कोण जातो? पंचविशीतल्या विधवेची पेन्शनची कागदपत्रे कोण बघतो? तिने शिकावयाचे म्हटले, नोकरी धरावयाची म्हटली, पुन्हा लग्न करावयाचे म्हटले, तर तिच्या बाजूने घरात कोण बोलतो? तिच्या मुलाला शब्बाथशाळेत कोण हाताला धरून आणतो? तिला दुःखाची मूर्ती करून एका जागी बसविणे सोपे असते. हुतात्म्याची पत्नी म्हणून समारंभाच्या खुर्चीवर बसवावयाचे आणि एरवी विसरावयाचे, हाही तिला जिवंतपणी चितेवर ठेवण्याचाच प्रकार होय.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे, की त्यांनी मुलांना खंडेरावांची गोष्ट सांगावी, आणि ती पुरी सांगावी. खंडेराव निर्दोष होते असे सांगू नये. मुलांना ते खोटे वाटेल, आणि तशी गरजही नाही. देशासाठी किंवा धन्यासाठी पडलेला प्रत्येक तरुण थोर पुरुष असतोच असे नाही. त्यांतला कोणी हट्टी असतो, कोणी अजून आपली वाट शोधत असतो, आणि वाट सापडण्याच्या आधीच त्याचे दिवस सरतात. अशा माणसाची उरलेली वाट चालून दाखविणे हे मागे राहिलेल्यांच्या हाती असते. मल्हाररावांचा राग आला तसा गेला, आणि कुंभेरचा किल्ला जागच्या जागी राहिला. गांगरसोलीची छत्री ऊनपाऊस सोशीत उभी आहे. अहिल्याबाईंनी बांधविलेल्या घाटांवर आजही माणसे उतरतात, वाकून ओंजळ भरतात आणि आपल्या कामाला लागतात. त्यांना खंडेराव कोण हे ठाऊक नसेल. त्यांची तहान मात्र भागते.